अण्णांच्या खिशातलं कपाट

जळणं आपल्या स्वभावातच नाही, असं ताईचं स्वतःविषयी ठाम मत होतं. जावेने मोठं घर घेतलं तेव्हा ताईने खोल्याखोल्यांतून फिरून तोंडभर कौतुक केलं. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तिच्यामागून लागलेली पोरगी तिला मागे टाकून मुख्य टेक्निशियन झाली, तेव्हाही ताईनेच पुढे होऊन टाळ्या वाजवल्या. आणि हीच बाई, चाळिशी उलटलेली, चारचौघींत समजूतदार म्हणून ओळखली जाणारी, एका मोबाइलमधल्या यादीवर जळून कोळसा झाली. माणसांवर जळणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील. यादीवर जळणारी मी तरी ही एकच पाहिली.

आता ही यादी कसली, ते सांगायला हवं.

ताईचे वडील, अण्णा, यंत्रांच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. जन्मभर नट, बोल्ट, पट्टे आणि बेअरिंगं सांभाळली आणि बाकीचा सगळा जीव पुस्तकांवर आणि सिनेमांवर लावला. पुस्तकं बहुतेक जुन्या बाजारातली. सिनेमे आधी कॅसेटवर, मग डिस्कवर. निवृत्त होईपर्यंत घरातली मधली खोली भरून वाहायला लागली होती. कपाटांत पुस्तकांच्या दोन-दोन रांगा, एकीमागे एक, आणि पलंगाखाली बुटांच्या खोक्यांत सिनेमे. शनिवार उजाडला की अण्णा पिशवी घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानात जायचे आणि तिथून ताईला फोन लावायचे.

"ताई, हे आपल्याकडे आहे का गं?"

लेकीला ताई म्हणणारे ते एकटेच बाप नसतील. धाकट्या भावाने म्हणायला सुरुवात केली आणि मग घरात सगळ्यांच्याच तोंडी ते बसलं.

ताईला ती अख्खी खोली पाठ होती, मागच्या रांगांसकट. शनिवारी लॅबमध्ये ही गर्दी असायची, उपाशीपोटी आलेली माणसं करवादून बसलेली असायची. ताई एखाद्याच्या दंडाला रबरी पट्टा बांधून शीर चाचपत असायची आणि फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबलेला.

"मूठ घट्ट आवळा. आहे अण्णा, आहे! खिडकीजवळचं कपाट, खालून दुसरी फळी, मागे. नका घेऊ. आता सोडा बघू."

"मी सोडू की ते?" समोरचा माणूस घाबरून विचारायचा.

"दोघंही सोडा," ताई म्हणायची आणि सुई टोचून मोकळी व्हायची.

एकदाही चुकली नाही हो. नवऱ्याचा वाढदिवस विसरली, लेकाच्या शाळेतली पालकांची सभा विसरली, एकदा तर गॅसवर दूध ठेवून लॅबला निघून गेली. पण अण्णांच्या खोलीत काय आहे आणि काय नाही, यात तिचा शब्द शेवटचा. अण्णा दुकानदाराला सांगायचे, "लेक नाही म्हणाली ना, मग नाही." हे दुकानदाराने एकदा तिला सहज सांगितलं. ताईने ते वाक्य इतके दिवस इतकं जपलं की बाकी कुणी तिचं काही कौतुक केलं काय आणि नाही केलं काय, तिला फरक पडत नसे.

आई गेल्यावर काही वर्षं अण्णा एकटेच राहिले. मग भाऊ आणि भावजय त्यांच्याकडे राहायला आले. भावजय कपड्यांच्या मोठ्या गोदामात मालाची नोंद ठेवायची. कमी बोलणारी, कामाला चोख, उगाच कुणाच्या अध्यात ना मध्यात. ताईला ती आवडायची. म्हणजे तेव्हा आवडायची. झालं काय, की एक दिवस चहा पिता पिता अण्णांनी तिला विचारलं, "सूनबाई, तुमच्या गोदामात कप्प्यांना आकडे असतात की अक्षरं?"

"रांगेला अक्षर, कप्प्याला आकडा," भावजय म्हणाली.

"शाब्बास! आमच्याकडेही तसंच होतं." आणि अण्णा असे खुलले की विचारू नका. स्टोअरकीपरला स्टोअरकीपर भेटला. त्यानंतर रोज संध्याकाळी सासरा आणि सून त्या मधल्या खोलीत बसायला लागले. सूनबाईने त्यांच्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं. अण्णांनी पुस्तक उचलायचं, मागची काळी-पांढरी पट्टी फोनपुढे धरायची, टुक आवाज झाला की मुखपृष्ठासकट पुस्तक फोनमध्ये. ज्यांना पट्टी नाही अशा जुन्यांची नावं सूनबाई हाताने भरायची, वर फोटो काढायची. सिनेमांचंही तसंच. कपाट कुठलं, फळी कुठली, रांग पुढची की मागची, सगळं आत. आणि दोन भाग केलेले. एक 'घरी आहे' आणि दुसरा 'हवं आहे'. जे अण्णा वर्षानुवर्षं शोधत होते, ते दुसऱ्यात.

ताईला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं, की एका शनिवारी फोन आला नाही.

पहिल्यांदा तिला वाटलं, अण्णांना बरं नसेल. पुढच्या शनिवारीही नाही. ताईने दोनदा मोबाइल बंद करून चालू केला. दुपारी न राहवून तिनेच फोन लावला.

"अण्णा, आज दुकानात गेला नाहीत?"

"गेलो की! दोन पुस्तकं आणली, एक सिनेमा आणला. मस्त मिळालं सगळं."

"मग फोन नाही केलात?"

"अगं, कशाला तुझ्या कामात सारखी लुडबुड? तू तिकडे लोकांना सुया टोचणार की माझं ऐकणार? आता अख्खं कपाट खिशात आहे माझ्या!" अण्णा हसत म्हणाले. "सूनबाईची कमाल. ये रविवारी, दाखवतो."

ताईने फोन ठेवला. समोरचा माणूस दंड उघडा करून केव्हाचा बसला होता. तिने पट्टा इतका करकचून बांधला की तो ओरडलाच.

घरी आल्यावर ताई भांड्यांवर भांडी आपटत होती. तिच्या नवऱ्याची ड्रायव्हिंग स्कूल आहे. दिवसभर दुसऱ्याच्या चुका शांतपणे बघत बसायचं हाच त्याचा धंदा. त्याने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे ते ॲप तुझी सवत झालंय म्हण की."

"काहीतरीच बोलू नका. मी कशाला जळू? त्यांची सोय झाली, चांगलंच आहे."

"चांगलंच आहे तर ते पातेलं सोड. पोचा पडला त्याला."

रविवारी ताई माहेरी गेली. मनाशी ठरवून गेली होती, की नुसतं कौतुक करायचं. पण अण्णांनी दारातच फोन तिच्या हातात दिला आणि "विचार, काहीही विचार!" म्हणाले, तेव्हा तिच्यातली परीक्षक जागी झाली. तिने मुद्दाम अडचणीतलं विचारलं. तो दीपगृहाच्या रखवालदाराचा सिनेमा, ज्याची डिस्क चुकीच्या डबीत आहे. फोनने डबीसकट सांगितलं. मधमाश्यांवरचं ते पुस्तक, ज्याचं मुखपृष्ठ फाटलंय. फोनने फाटलेल्या मुखपृष्ठाचा फोटोच पुढे केला. अण्णा लहान मुलासारखे तिच्या तोंडाकडे बघत होते. "आहे की नाही?" म्हणत होते. ताई "वा, वा" म्हणत होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. एक तरी चूक सापडावी ना! एक तरी!

जेवणं झाल्यावर अण्णा अंघोळीला गेले. अण्णांचं रविवारचं वेळापत्रक हे असंच, आधी जेवण आणि मग अंघोळ. भाऊ बाहेर गेला होता, भावजय स्वयंपाकघरात होती. फोन मधल्या खोलीत टेबलावर पडलेला. त्याला ना कुलूप ना काही, कारण अण्णांना ते प्रकरण कटकटीचं वाटायचं. ताईने सहज उचलला. खरंच सहज. वरखाली करता करता तिला दिसलं, की काही पुस्तकांखाली दोन-दोन ओळी लिहिलेल्या आहेत. त्या ती वाचायला लागली.

आणि मग ती एके ठिकाणी थांबली. एका कादंबरीखाली लिहिलं होतं, 'ही तिच्या आजारपणात दवाखान्यात वाचून दाखवली. शेवटची थोडी पानं राहिली. मग कधी उघडली नाही.'

ही गोष्ट अण्णांनी आई गेल्यानंतर एकदाच सांगितली होती, आणि ती फक्त ताईला. भावाला नाही, आत्याला नाही. ताईने ती नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. आणि आज ती इथे, नीटनेटक्या अक्षरांत, सूनबाईने भरलेली. म्हणजे अण्णांनी तिला सांगितली. तिच्याजवळ बसून, पुस्तक हातात घेऊन सांगितली. काल आलेल्या पोरीला!

ताईला वाटलं, हे असंच चालायचं असेल तर मग मी कोण?

तिने 'हवं आहे' उघडलं. तिथे पहिलंच पुस्तक होतं एका नदीप्रवासाच्या वर्णनाचा दुसरा भाग. पहिला भाग घरी कधीपासून होता. दुसऱ्यासाठी अण्णांनी दुकानं पालथी घातली होती. ताईने त्यावर बोट ठेवलं आणि सरकवलं. 'घरी आहे'मध्ये जाऊन बसलं. वर फळीही भरली, खिडकीजवळची. मग आणखी दोन-तीन सरकवली. हिशेब सरळ होता. अण्णा दुकानात उभे राहतील, हातात दुसरा भाग असेल, फोन म्हणेल घरी आहे. अण्णांना पक्कं ठाऊक, की घरी नाही. मग ते कपाळाला हात लावतील, म्हणतील, छे, या यंत्रात काही राम नाही. आणि फोन लावतील. कुणाला? लेकीला.

भावजय हात पुसत दारात आली. ताईने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"वाजले किती, बघत होते," ती म्हणाली.

भावजयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग ताईकडे. "चहा टाकू ना, ताई?" तिने विचारलं. बस, एवढंच.

त्यानंतर ताई फोनची वाट बघत राहिली. शनिवार आले आणि गेले. लॅबमध्ये कुणाचाही फोन वाजला तरी तिचा हात खिशाकडे जायचा. फोन आला तो भलत्याच दिवशी, आणि भावाचा.

"ताई, अण्णांना उद्या डॉक्टरकडे नेतोय. मेंदूच्या."

ताईने हातातली सुई खाली ठेवली. "काय झालं? पडले का?"

"पडले नाहीत. विसरायला लागलेत. तुला सांगू नको म्हणाले होते, पण मला राहवेना." आणि मग भावाने सांगितलं. अण्णांना जुन्या बाजारात एक पुस्तक दिसलं, कुठल्याशा नदीचं. किती वर्षं शोधत होते म्हणे. हातात घेतलं, फोन बघितला, तर ते घरीच होतं! आणि यांना घेतल्याचं अजिबात आठवेना. परत ठेवलं, घरी आले, कपाट उपसलं, तर पुस्तक जागेवर नाही. मग म्हणाले, कुणाला तरी वाचायला दिलं असेल आणि तेही मी विसरलो. ओळखीच्या सगळ्यांना फोन करून झाले. पुढच्या आठवड्यात आणखी एक असंच निघालं. त्या दिवसापासून रात्रीचे झोपत नाहीत.

"पण त्यांनी असं का नाही म्हटलं, की फोन चुकला?" ताई जवळजवळ ओरडलीच.

"कोण, अण्णा? नोंद चुकली म्हणतील?"

आणि तेव्हा ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. लहानपणापासून जेवताना, चालताना, अभ्यास घेताना तिने बापाच्या तोंडून हेच ऐकलं होतं. नोंद आहे म्हणजे माल आहे. दिसत नसेल तर तुझे डोळे तपास. कारखान्यात एकदा एक बेअरिंग सापडेना, तर अण्णांनी अख्खं भांडार उलथंपालथं केलं होतं, पण नोंद खोडली नव्हती. शेवटी बेअरिंग सापडलंच. ताईला खोलीतलं पुस्तक न् पुस्तक पाठ होतं आणि बाप पाठ नव्हता. तिने बापाच्या नोंदीला हात लावला होता, आणि अण्णांनी आपलं डोकंच खोडून टाकलं होतं.

पण आता हेही ऐका. लॅबमधून सुट्टी काढून माहेरी जाताना, डोळ्यांतलं पाणी पुसत असताना, तिच्या मनात पहिलं काय आलं? हे, की अण्णांनी आपलं विसरणं सूनबाईला कळू दिलं आणि मला सांगू नको म्हणाले. असं होतं बघा. एकदा पोटात दुखायला लागलं की माणूस त्यातून बापाच्या आजारालाही सोडत नाही.

घरात शिरल्या शिरल्या तिला स्वयंपाकघरात गॅसच्या बटणाशेजारी चिकटवलेला कागद दिसला. अण्णांच्या अक्षरात, 'बंद केला का?' दाराच्या आतल्या बाजूला दुसरा, 'किल्ली'. आरशावर गोळ्यांच्या वेळा. परवापरवापर्यंत हा माणूस कारखान्यातल्या वीस वर्षांपूर्वीच्या मालाचे आकडे गप्पांत फेकत होता.

मधल्या खोलीत कपाटं उघडी होती, पुस्तकं खाली. अण्णा पलंगावर बसले होते आणि भावजय जमिनीवर, फोन घेऊन. अण्णांनी ताईला बघितलं आणि ओशाळून हसले.

"कळलं वाटतं तुला. त्याच्या पोटात काही राहत नाही. ये, बस. सूनबाईला चार्ज देतोय."

"कसला चार्ज?"

"सगळ्याचा. ज्याला आठवत नाही त्याने भांडार सांभाळू नये. यापुढे मी दुकानात जाणार नाही. उद्या डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणो, आपण आपलं वेळेवर सोडलेलं बरं."

"अण्णा, ते पुस्तक तुमच्याकडे नाहीये," ताई म्हणाली. "कधी नव्हतंच."

"नोंद आहे, बाळा."

"ती मी केली. त्या रविवारी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा. हवं होतं त्यातून काढून घरी आहे मध्ये टाकलं. तुम्ही काही विसरला नाहीत."

अण्णांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सूनबाई, बघितलंस? लहानपणीही अशीच होती. भावाने बरणी फोडली की ही सांगायची, मी फोडली. आज बापासाठी खोटं बोलतेय. मला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या अंगावर घेतेय." आणि ते तिचा हात थोपटत राहिले. "अशी लेक मिळायला भाग्य लागतं गं."

काय सांगू! ज्याच्यासाठी ती इतके दिवस तळमळत होती, ते सगळं तिच्या ओंजळीत येऊन पडलं होतं. बापाचा हात, बापाचं कौतुक, आणि तेही भावजयीसमोर. आता गप्प बसलं की झालं. खरं तर ती बोलली होतीच, त्यांनी मानलं नाही यात तिचा काय दोष? क्षणभर, अगदी क्षणभर, ताई तशीच बसून राहिली. तिला तो हात सोडवेना. त्याच हाताच्या मनगटाला रबरबँडने एक चिठ्ठी बांधलेली होती. ताईने ती वळवून वाचली. घरचा पत्ता होता.

"नाही अण्णा, मी खरं सांगतेय," ती घाईघाईने म्हणाली. "हवं तर कुठली कुठली पुस्तकं सरकवली ते सांगते. नदीचा दुसरा भाग, तो नकाशे काढणाऱ्याचा सिनेमा, त्या वेधशाळेच्या आठवणी..."

"तुला तर सगळंच पाठ," अण्णा प्रेमाने म्हणाले.

झालं! जन्मभर जिच्या जोरावर मिरवलं, तीच आठवण आता तिला खोटं पाडत होती. आणि मग तिला दिसलं, की खोलीत एकच माणूस आहे ज्याचं अण्णा ऐकतील. तिने भावजयीकडे पाहिलं. या पोरीपुढे मान खाली घालण्यापेक्षा तिने सुया गिळल्या असत्या.

"तू सांग ना त्यांना," ताई म्हणाली. "तू बघितलंस मला. सांग."

भावजयीने फोन मांडीवर ठेवला.

"बघितलं होतं, अण्णा," ती म्हणाली. "ताईंच्या हातात फोन होता. मी आले तर पालथा ठेवला. वाजले किती बघत होते म्हणाल्या, आणि समोर घड्याळ होतं."

अण्णांनी ताईचा हात सोडला. लेकीने एवढं घसा फोडून सांगितलं ते पटलं नाही, आणि सुनेचं एका दमात पटलं. अशा वेळीसुद्धा ताईला ते टोचलंच.

"मग तू बोलली का नाहीस?" अण्णांनी सुनेला विचारलं.

"वाटलं, बघत असतील नुसत्या. आणि काय बोलणार होते? लग्न होऊन आल्यापासून मी या घरात ऐकतेय, ताई कधी चुकत नाही, ताई कधी चुकत नाही. मी म्हटलं असतं तर मीच वाईट ठरले असते." तिने एका दमात इतकं बोललेलं या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

अण्णा उठले. खोलीतल्या खोलीत एक चक्कर मारली. मनगटावरची चिठ्ठी ओढून काढली. आणि एकदम मोठ्याने म्हणाले, "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे!"

"हो अण्णा."

"कारखान्यात मधल्या रांगेत सातव्या कप्प्यात काय होतं? तांब्याचे वॉशर! आठवतंय मला! सगळं आठवतंय!" म्हातारा अक्षरशः नाचायचा बाकी राहिला होता. सूनबाईच्या मांडीवरचा फोन घेऊन त्याने तिथल्या तिथे दवाखान्यात लावला. "हॅलो, उद्याची माझी वेळ रद्द करा. नाही नाही, बरा झालो नाही, मी आजारीच नव्हतो! काही नाही हो, लेकीने फोनमध्ये घोळ घालून ठेवला होता." मग मुलाला फोन. मग दुकानदाराला, तो नदीचा दुसरा भाग ठेवून द्या, येतोच. प्रत्येकाला तेच, तेवढ्याच आनंदाने. लेकीने घोळ घातला होता, डोकं ठणठणीत आहे. त्यांना दुसऱ्या कशाचं भानच नव्हतं. गॅसजवळचा कागद, दारावरचा कागद, आरशावरचा कागद, सगळे टराटरा फाडून त्यांनी कचऱ्यात टाकले.

ताई पलंगाच्या कडेला बसून वाट बघत होती, की आता ओरडतील. आता तरी ओरडतील. लहानपणी एकदा त्यांच्या पुस्तकावर तिने शाई सांडली होती, तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं त्यांनी. त्या रागात तरी ती त्यांची होती. पण अण्णा परत येऊन शांतपणे खुर्चीवर बसले आणि फक्त म्हणाले, "का केलंस गं?"

"तुमचा फोन येत नव्हता," ताई म्हणाली. हे वाक्य मनात कितीदा घोळलं होतं, तेव्हा ते किती मोठं वाटायचं. बाहेर आल्यावर अगदी एवढंसं झालं.

अण्णांनी मान हलवली. त्यांना कळलं, ते तिला दिसलं. "मग तू करायचास," ते म्हणाले. एवढंच, आणि रागावून नाही.

भावजयीने ती पुस्तकं पुन्हा 'हवं आहे'मध्ये नेऊन ठेवली. अण्णा तिच्या खांद्यावरून बघत होते. मग म्हणाले, "सूनबाई, या फोनला ते बोटाचं कुलूप लावतात ना, ते आता लावून दे."

"तुम्हाला कटकट वाटते ना त्याची?"

"असू दे. लाव."

तिने काहीतरी दाबलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. अण्णांनी अंगठा ठेवला. लोखंड हाताळून झिजलेला तो अंगठा फोनला पटकन ओळखू येईना. पुन्हा ठेवला, पुन्हा ठेवला, तेव्हा कुठे जमलं.

"आणखी एका माणसाचं बोट ठेवून घेऊ या," भावजय म्हणाली. "कधी तुमचं नाही लागलं तर अडायला नको." आणि मग थोडं थांबून, ताईकडे न बघता, "ताईंचं ठेवू?"

अण्णांनी ताईकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, काही नव्हतं. नवा माणूस स्टोअरच्या खिडकीशी आला की ते असेच बघत असतील.

"नको, तुझंच ठेव," ते म्हणाले. "तिला काही लागलं तर ती मागेल."

ताईने हात मागे घेतला. तो कधी पुढे केला होता, ते तिचं तिलाही कळलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "मागेन की."